उजवा बड आधी का गेला: अमळनेरच्या एका गिऱ्हाईकाचं प्रकरण

अप्पा एका कृषी केंद्राचं फिरतीचं काम बघतात. बियाणं, ठिबकच्या नळ्या, फवारणीची औषधं. पट्टा अमळनेर, पारोळा, चोपडा. आठवड्यातून एक-दोनदा सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरची गाडी धरून जळगाव. दिवसभर फोन, आणि मे महिन्यात बागायती कापसाच्या बियाण्याची विचारणा सुरू झाली की फोन कानापासून निघतच नाही. नेमक्या त्याच दिवसांत ते माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले, कानात घालायच्या बिनवायरच्या बड्सची डबी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, हे घ्या आणि मला साधा वायरचा हेडफोन द्या. आधीचं होतं तेच बरं होतं."

बरोबर पोरगा होता, बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. त्याचं म्हणणं उलटं. वायर आता कोण वापरतं, ऑनलाइन सेल चालू आहे, नवे बड्स मागवा.

बड्स ऑनलाइन घेतलेले, पंधराशेच्या आतले, चौदा महिने वापरलेले. वॉरंटी एक वर्षाची, म्हणजे तिकडून काही मिळायचं नाही. तक्रारी तीन: उजवा बड तासाभरात बंद पडतो, समोरच्याला बोलणं नीट ऐकू जात नाही, आणि शेतात गाणं तुटतं, घरी तुटत नाही.

हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं त्याचं कारण असं. दुकानात येणारा जो तो ‘वायरचा आवाज चांगला की बड्सचा’ एवढंच विचारतो. अप्पांच्या तीन तक्रारींपैकी एकीचाही गाण्याच्या दर्जाशी संबंध नव्हता. एक बॅटरीची होती, एक माइकची, एक खिशाची. बाप-लेक वाद घालत होते तो चौथ्याच गोष्टीवर.

उजव्या बडची तपासणी

असं काही आलं की मी आधी साफसफाई करतो. बडच्या बुडाशी दोन-तीन सोनेरी ठिपके असतात आणि डबीत त्यांच्यासमोर स्प्रिंगच्या पिना. घाम, कानातला मळ आणि आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ यांचा थर त्या ठिपक्यांवर बसला की बड डबीत बसलेला दिसतो, दिवाही लागतो, पण आत चार्ज जात नाही. ‘बड मेला’ म्हणून आलेले कितीतरी बड आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीवर जिवंत होतात. त्यासाठी मी पैसे घेत नाही. तसंच आवाज एका बाजूने कमी झाला असेल तर आधी जाळी बघायची. मळाने जाळी बुजली की मालकाला वाटतं स्पीकर गेला.

अप्पांचे ठिपके साफ केले, जाळी साफ केली. मग दोन्ही बड पूर्ण चार्ज करून एकाच आवाजावर गाणी लावून काउंटरवर ठेवले. डावा साडेतीन तास चालला. उजव्याने पन्नास मिनिटांत मान टाकली. म्हणजे मळाचा प्रश्न नव्हता, आतला बॅटरीचा सेल उतरला होता.

पण दोघं एकाच डबीतले, एकाच दिवशी घेतलेले, मग उजवाच का? मी विचारलं, "अप्पा, फोन आला की कोणता बड लावता?" ते म्हणाले उजवा, दुसरा डबीतच असतो, दोन्ही कान बंद केले तर बायको बोलते ते ऐकू येत नाही. इथेच उत्तर मिळालं. गाणी ऐकताना दोन्ही बड खर्च होतात, पण दिवसभराचे फोन एकट्या उजव्याने घेतले होते. एका बडमध्ये साधारण ३० ते ५० एमएएचचा सेल असतो. फोनच्या बॅटरीत असे शंभर सेल मावतील. लिथियम-आयन सेलची ताकद काही शे वेळा पूर्ण भरून रिकामा झाला की कमी होत जाते. ढोबळमानाने ३०० ते ५०० फेऱ्यांनंतर तो मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येतो असं धरतात, आणि तिथून पुढची उतरण वेगाची असते. अप्पांचा उजवा बड दिवसातून दीड वेळा रिकामा होत असेल असं धरलं, तर वर्षात साडेपाचशेच्या जवळ फेऱ्या होतात. चौदा महिन्यांत त्याचं आयुष्य संपलं यात कंपनीची फसवणूक वगैरे काही नाही. सेल एवढा लहान असला की फेऱ्या लवकर भरतात.

त्यात ऊन. डबी कुठे ठेवता, तर बाईकच्या टाकीच्या कव्हरला कप्पा असतो, त्यात. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतला पारा ४४-४५ अंशांना टेकतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या टाकीवर काळ्या रेक्झिनच्या कप्प्यात किती होत असेल ते हात लावून बघा. सेल बनवणारे साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका असं सांगतात. इथे तर डबी त्या उष्णतेतच बडला चार्ज करत बसलेली, आणि एकदा भरला की शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत तापत ठेवलेला. लिथियमच्या सेलला गरम जागा आणि पूर्ण भरलेलं पोट ही दोन्ही एकत्र सोसत नाहीत. पुण्या-मुंबईत दोन-अडीच वर्षं चाललेले बड्स आमच्याकडे लवकर का उतरतात, याचं निम्मं उत्तर या कप्प्यात आहे.

सेल बदलता येत नाही का? येतो, पण मी बहुतेक वेळा नाही म्हणतो. काही बड्समध्ये १२५४ नावाचा गोल बटणसेल असतो, बारा मिलिमीटर रुंद आणि साडेपाच मिलिमीटरच्या आत जाड. तो बाजारात मिळतोही. अडचण कवचाची. ते चिकटवलेलं असतं, उघडताना कड तुटते, परत चिकटवलं तरी घाम आत जायची वाट मोकळी होते. शिवाय बदलायच्या सेलवर कोणता शिक्का आहे आणि आत खरं काय आहे, याची खात्री मला देता येत नाही. कानात घालायच्या वस्तूत तशी जोखीम घ्यायची नाही.

"विहीरमातीन येई ऱ्हायना"

दुसरी तक्रार तपासायला अप्पांना रस्त्यावर उभं केलं. समोर रिक्षांचे हॉर्न, बाजूला रसवंतीचं इंजिन. त्यांनी पारोळ्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराला उजव्या बडवरून फोन लावला. तिकडून अहिराणीत आवाज आला, "अप्पा, तुमना आवाज विहीरमातीन येई ऱ्हायना, जोरमा बोला." म्हणजे विहिरीतून आल्यासारखा येतोय. मग मी माझ्या गल्ल्यातला सी टाईप पिनचा वायरचा हेडफोन जोडून दिला, जागा तीच, हॉर्न तेच. "आते बराबर येस," एवढं म्हणून त्याने लगेच ठिबकच्या नळीचा भाव विचारला.

फरक कुठून आला? बडचा माइक कानाशी असतो, तोंडापासून चांगला वीतभर मागे. तिथपर्यंत अप्पांचा आवाज जेवढा पोचतो तेवढाच किंवा त्याहून मोठा रसवंतीच्या इंजिनाचाही पोचतो. मग आतला प्रोसेसर गोंगाट वजा करायला बसतो, आणि स्वस्त बड्समध्ये त्या वजाबाकीत बोलण्याचाही लचका जातो. खोक्यावर ‘ईएनसी’ लिहिलेलं असतं ते हेच. शांत खोलीत ते उत्तम चालतं, पण शांत खोलीत त्याची गरजच नसते.

वायरवरचा माइक हनुवटीच्या खाली लोंबतो. त्याच्यात काही हुशारी नाही, नुसता तोंडाच्या जवळ आहे.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदारही सांगत नाहीत. ब्लूटूथवर गाणी ऐकण्याचा रस्ता वेगळा आणि फोनवर बोलण्याचा वेगळा. गाण्याच्या रस्त्यावर आवाज एकाच दिशेने जातो आणि चांगल्या दर्जाचा जातो. माइक चालू झाला की ब्लूटूथ दुसऱ्या, जुन्या हँड्सफ्रीच्या रस्त्यावर जातं. तिथे आवाज सेकंदाला १६ हजार वेळा टिपला जातो, आणि जुन्या पद्धतीवर आला तर फक्त ८ हजार वेळा. म्हणून गाणं झकास वाजवणाऱ्या बडवर कॉल आला की सगळं पत्र्याच्या डब्यातलं होतं. २०२० च्या जानेवारीत जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत आणि त्याच्या एलसीथ्री या नव्या कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे आवाज आकसून पाठवायची रीत) हे सुधारलंय, पण त्यासाठी फोन आणि बड दोन्हीकडे ते असावं लागतं. अप्पांच्या दोन्हींत नव्हतं.

अँड्रॉइडवर एक सोय मात्र आहे, ती मी त्यांना तिथेच दाखवली. ब्लूटूथच्या यादीत बड्सच्या नावासमोरचं चक्र दाबलं की ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ अशी दोन वेगळी बटणं येतात. कॉलचं बंद केलं की बड्स फक्त गाण्यापुरते राहतात आणि बोलणं फोनच्या माइकवरून होतं.

शेतात तुटतं, घरात नाही

ही तक्रार मला सगळ्यात आवडली, कारण ऐकताना ती उलटी वाटते. घरात भिंती, वायफाय, शेजाऱ्यांचे फोन, आणि तिथे गाणं सलग. चोपड्याकडे केळीच्या बागेच्या कडेला मोकळ्या बांधावर मात्र तुटतं. पोरगा म्हणाला, "तिकडे रेंज नसेल." मोबाइलची रेंज आणि ब्लूटूथ यांचा काही संबंध नाही, गाणं तर फोनमध्ये आधीच उतरवलेलं होतं.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. या लहरी पाण्यात मुरतात, आणि माणसाच्या अंगात पाणीच जास्त. फोन पॅंटच्या मागच्या डाव्या खिशात आणि बड उजव्या कानात असेल तर मध्ये अख्खा माणूस आडवा. घरात याने बिघडत नाही, कारण लहर भिंतीवर, छतावर, गोदरेजच्या कपाटावर आपटून दुसऱ्या वाटेने कानापर्यंत येते. मोकळ्या शेतात आपटायला काही नाही. सरळ वाट अंगाने अडवली की संपलं.

उपाय फुकट होता: फोन शर्टाच्या वरच्या खिशात. अप्पांनी दुसऱ्याच दिवशी बांधावरून फोन करून सांगितलं की सलग चाललंय. याच तक्रारीसाठी नवे बड्स घेतले असते तर तेही तसेच तुटले असते.

मग वायर का नाही लगेच?

अप्पांना वायरच हवी होती, आणि मला वायर विकण्यात काही अडचण नव्हती. पण त्यांच्या फोनला गोल पिनचं भोकच नाही. ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून ते काढलं, तेव्हा लोक हसले होते. पुढच्या काही वर्षांत बाकीच्यांनीही हळूहळू काढलं. स्वस्त फोनमध्ये अजून मिळतं, अप्पांचा तेवढा स्वस्त नव्हता.

मग उरले दोन रस्ते. सी टाईप पिनचाच हेडफोन, किंवा गोल पिनचा हेडफोन आणि मध्ये कन्व्हर्टर. इथे गिऱ्हाईक हमखास फसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कन्व्हर्टर दोन जातीचे. एकात चिप असते. ती फोनमधून आलेले आकडे आवाजात बदलते. दुसरा म्हणजे नुसती वायर; फोननेच सी टाईपमधून तयार आवाज बाहेर दिला तरच तो चालतो, आणि पुष्कळ फोन तसा देत नाहीत. दोन्ही बाहेरून जुळे दिसतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये ढिगातून उचललेला साठ रुपयांचा कन्व्हर्टर ‘खराब निघाला’ म्हणून लोक माझ्याकडे आणतात. तो खराब नसतो, त्या फोनसाठी नसतो. घेताना दुकानात उभं राहून आपल्याच फोनला लावून गाणं आणि कॉल दोन्ही बघावं, दुसरी खात्री नाही.

मी अप्पांना सी टाईपचा हेडफोन देऊ केला नाही. कारण पोराने विचारलं ते बरोबर होतं: "वायर तर तुटणारच ना, काका?" तुटणारच. आणि तुटते ती जवळजवळ नेहमी दोनच जागी, पिनच्या मानेशी किंवा जिथे एका वायरीच्या दोन होतात तिथे. दुरुस्तीला आलेला एक हेडफोन टेबलावर होताच, तो त्याच्यासमोर केला. पिनपासून बोटभर वर वायर कापली, रबर सोललं. आत केसाहून बारीक तांब्याचे धागे, त्यांच्यात नायलॉनचा दोरा, वर रंगीत वार्निश. लाल म्हणजे उजवा, हिरवा किंवा निळा म्हणजे डावा, तांब्याच्या रंगाचा अर्थिंगचा, उरलेला माइकचा. हे वार्निश जाळल्याशिवाय टाका बसत नाही. नवशिके इथेच अडकतात. तापलेल्या आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्यायचा आणि धागा त्यात बुडवून धरायचा. आधी धूर निघतो, मग टोक चांदीसारखं होतं. नव्या पिनेवर टोकाला डावा, त्याच्या मागच्या कड्याला उजवा, मग अर्थिंग, शेवटी माइक. मल्टिमीटर लावला, दोन्ही बाजूंना सोळाच्या आसपास ओहम दाखवले. पन्नास रुपये.

सी टाईपच्या हेडफोनमध्ये चिप बहुधा पिनच्या साच्यातच ओतलेली असते. तिथे मान तुटली की हा टाका घालता येत नाही, सगळाच फेकायचा. म्हणून माझा सल्ला: एल आकाराची गोल पिन असलेला हेडफोन, साडेतीनशेच्या आसपासचा, आणि चिपवाला कन्व्हर्टर वेगळा. कन्व्हर्टर गेला तर तेवढाच नवा घ्यायचा, हेडफोन दुरुस्त होत राहतो. गैरसोय खरी आहे: चार्जिंग आणि हेडफोन एकाच वेळी लावता येत नाहीत. गाडीत पॉवरबँक लावून बसणाऱ्याला हे जाचतं. अप्पा रात्री चार्ज करतात, त्यांना चालण्यासारखं होतं.

वायरची एक जुनी सोय मात्र कन्व्हर्टरवर गृहीत धरू नये. फोनमधल्या एफएमला हेडफोनची वायरच अँटेना म्हणून लागते. अप्पांच्या घरी वहिनींच्या जुन्या गोल पिनच्या फोनवर ते मजेत चालतं. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने फोनमधलं एफएम बंद करून ठेवू नका अशी सूचना कंपन्यांना केली होती, वादळ-पुरात नेट गेलं तर रेडिओ चालावा म्हणून. बड्सवर मात्र नुसतं एफएम लागत नाही.

आवाजाचं काय?

पोराला यावरच बोलायचं होतं. थोडक्यात: ब्लूटूथचा सगळ्यात साधा कोडेक एसबीसी, तो चांगल्या जोडणीवर सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत चालतो. धरणगाव-पाळधी करत जाणाऱ्या डब्यात, खिडक्या उघड्या, रुळांचा खडखडाट, तिथे एसबीसी आणि वायर यांतला फरक ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. किमतीच्या हिशोबाने बघितलं तर साडेतीनशेच्या वायरमध्ये पैसा स्पीकरमध्ये जातो. चौदाशेच्या बड्समध्ये तोच पैसा तीन बॅटऱ्या, चिपा, अँटेना आणि डबी यांत वाटला जातो. शांत खोलीत मला वायरचा आवाज आवडला, पोराला बड्सचा बेस. ते त्याने ठेवावं. गेम खेळताना गोळीचा आवाज उशिरा येतो ही मात्र बड्सची खरी खोड आहे. ती व्हिडिओत जाणवत नाही, कारण ॲप चित्रच तेवढं मागे धरतं.

आवाजाच्या बाबतीत वायर-बिनवायरपेक्षा रबराच्या टोपीने जास्त फरक पडतो. कानात घट्ट बसणारी टोपी बाहेरचा खडखडाट अडवते, म्हणून कमी आवाजात भागतं. उघड्या, कानाच्या तोंडाशी नुसत्या टेकणाऱ्या हेडफोनवर लोक डब्यात आवाज टोकाला नेतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे, ९० डेसिबलला फक्त ४ तास. जाऊन-येऊन गाडीतच बसलेला माणूस दुसरी मर्यादा दोन-तीन दिवसांत ओलांडतो. अप्पांना मी टोपीवालाच दिला, मधल्या मापाची टोपी सैल होती म्हणून मोठी बसवून दिली.

ठरलं ते

बड्स मी भंगारात घेतले नाहीत. डावा बड ठणठणीत होता, आणि एकटा चालतो. तो रात्री कीर्तन ऐकायला घरी राहिला, डबी फडताळात. फिरतीवर आणि गाडीत वायर. पोरासाठी ऑनलाइन सेलमधले बड्स त्या वेळी घेतले नाहीत, त्यावर तो रुसला होता असं नंतर कळलं.

बाईक चालवताना काय, हा प्रश्न अप्पांनी दारात उभं राहून विचारला. माझं उत्तर दोन्हींसाठी एकच: बाईकवर कानात काहीच नको, गाडी बाजूला घ्या आणि बोला. एरंडोल-पारोळ्याकडच्या हायवेवर मागून येणारा ट्रक ऐकू यायला कान मोकळे लागतात. हे ते पाळतात का, मला शंका आहे. वायर शर्टातून बाहेर लोंबताना मी एकदा पाहिली.

पहिल्या आठवड्यात एकच तक्रार आली, माइक शर्टाच्या गुंडीला घासतो आणि समोरच्याला खरखर ऐकू येते. वायरला एक चिमटा लावून दिला, खरखर थांबली.

दिवाळीच्या आधी ते परत आले. कन्व्हर्टर जरा हलला की आवाज जातो, पिन आत पूर्ण बसत नाही. कन्व्हर्टर दुसऱ्या फोनला लावला तर ठीक. मग त्यांच्या फोनचं भोक भिंगाखाली धरलं. आत तळाशी पांढरा थर दाबून बसलेला, वेचणीच्या दिवसांत खिशात शिरलेला कापूस. दर वेळी पिन घालताना तो आणखी आत ठासला गेला होता. फोन बंद करून लाकडी काडीने तो उकरून काढला, पिन टकदिशी बसली. अप्पांनी कापसाची ती गोळी बोटात धरून बघितली आणि यंदाचा भाव किती पडला ते सांगायला सुरुवात केली.